कॉम्प्युटर बिघडला? घाबरू नका, पण घाईही करू नका

घरच्या कॉम्प्युटरच्या बऱ्याचशा तक्रारी तार, वीज आणि धूळ यांच्याशीच निगडित असतात. त्या घरच्या घरी दूर करता येतात. मात्र दुरुस्तीच्या घाईत एखादी अशी वस्तू गमावली जाऊ शकते, जी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

रविवारची सकाळ. चहा झाला आणि मुलाने हॉलमधल्या कॉम्प्युटरचे बटण दाबले. पंखा फिरला, बीप बीप असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. पुन्हापुन्हा बटण दाबून झाले, कॅबिनेटवर थाप मारूनही झाली. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मेकॅनिकला बोलावले. तो कॅबिनेट उचलून घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला, "सगळं साफ करून दिलंय. आता फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकतो, म्हणजे पुन्हा कटकट नको. चालेल ना?" बाबा मॅच बघत होते. ते म्हणाले, "चालेल की. सुरू झाल्याशी कारण."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर घरी आला तो अगदी नव्यासारखा. सगळे खूश. आठवडाभराने आईने आजीच्या पंच्याहत्तरीचे फोटो शोधायला घेतले. आजीचे वर्षश्राद्ध जवळ आले होते आणि मावशीला तिचा एक हसरा फोटो फ्रेम करून हवा होता. आईने सगळे फोल्डर उघडून पाहिले. एकाही फोल्डरमध्ये एकही फोटो नव्हता.

अशी गोष्ट कोणत्याही घरात घडू शकते. दुःखाची बाब ही, की बीप बीप हा आवाज बहुधा आत बसवलेली रॅमची पट्टी नीट बसलेली नाही किंवा तिच्यावर धूळ साचली आहे, एवढेच सांगत असतो. फोटो ज्या डिस्कवर होते तिचा या बिघाडाशी काही संबंधच नव्हता. दहा मिनिटांच्या कामासाठी दहा वर्षांच्या आठवणी पुसल्या गेल्या.

म्हणून कॉम्प्युटर बिघडला की एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. यंत्र बदलता येते, त्यातला मजकूर बदलून मिळत नाही. आधी मजकुराचा विचार, मग यंत्राचा.

सुरूच होत नाही? आधी बाहेरून पाहा

कॉम्प्युटर सुरू झाला नाही की आपले लक्ष लगेच 'आत काय जळले' याकडे जाते. खरे तर शोध भिंतीपासून सुरू करावा. ज्या सॉकेटमध्ये प्लग लावला आहे तिथे मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहा. मग एक्स्टेंशन बोर्डाचे बटण, मग यूपीएस, मग कॅबिनेटच्या मागचे छोटे बटण. झाडूपोछा करताना हे मागचे बटण किंवा तार हलल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील.

पंखा फिरतोय पण पडदा काळा असेल, तर मॉनिटरचा दिवा पाहा. दिवा लागलेला असून पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे येत असतील, तर मॉनिटर ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. तार दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. कॅबिनेटच्या मागे चित्राच्या तारेसाठी दोन ठिकाणी जागा असतील, तर ग्राफिक्स कार्डाच्या जागेतच ती लावा.

लॅपटॉप मृतवत पडला असेल तर चार्जर काढा, सुरू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा आणि चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करा. आत अडकून राहिलेला विद्युतभार निघून जातो आणि अनेकदा एवढ्यानेच काम होते. डेस्कटॉपसाठीही प्लग काढून हाच उपाय करता येतो.

एवढे करूनही बीप येत राहिले, तर रॅम पाहावी. प्लग पूर्ण काढा. कॅबिनेटचे झाकण उघडल्यावर आधी कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. रॅमच्या पट्टीच्या टोकांच्या खिट्ट्या बाहेर ओढल्या की पट्टी मोकळी होते. तिची सोनेरी कड मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा, खाचेतली धूळ ब्रशने झटका आणि खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत पट्टी सरळ दाबून बसवा. मात्र ज्या चौकोनी डब्यातून वीज आत येते, तो पॉवर सप्लाय कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते.

आणखी एक नेहमीची तक्रार. कॉम्प्युटर सुरू होतो, पण तारीख भलतीच दाखवतो आणि एकही वेबसाइट धड उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे सांगतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करून भांडतात. दोष असतो आतल्या बटणाएवढ्या सेलचा. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम तो करतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये सीआर २०३२ या क्रमांकाचा ३ व्होल्टचा सेल असतो. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो. सेल बदला, तारीख लावा, वेबसाइट उघडतील.

वीज : मित्र आणि शत्रू

आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते, असे कागदावर असते. प्रत्यक्षात ती कधी कमी तर कधी अचानक जास्त होते. कॉम्प्युटरचे खरे शत्रू हे चढउतार आणि एकदम जाणारी वीज.

पहिली चौकशी अर्थिंगची करा. कॅबिनेटच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरातले अर्थिंग नीट नाही. हा कॉम्प्युटरचा नव्हे, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये लावण्याची युक्ती कधीही करू नका.

डेस्कटॉपला यूपीएस हवाच. तो तासभर काम करण्यासाठी नसतो. चालू फाइल साठवून कॉम्प्युटर व्यवस्थित बंद करता यावा, एवढ्याचसाठी तो असतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारणपणे ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतो. त्यावर लेझर प्रिंटर कधीही लावू नका. कागदावर शाई पक्की करण्यासाठी लेझर प्रिंटरमधला रूळ तापतो, त्या वेळी तो एकदम खूप वीज ओढतो आणि यूपीएस मान टाकतो. प्रिंटर थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा. यूपीएसवर उरलेल्या जागेत इंटरनेटचा राऊटर लावलात तर वीज गेल्यावरही मुलांचा अभ्यास अडत नाही.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. वीज जाताच कॉम्प्युटर लगेच बंद पडत असेल, तर नवा यूपीएस घेण्याआधी नुसती बॅटरी बदलून पाहा. घरात इन्व्हर्टर असेल आणि तरीही वीज जाताच कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागचे बटण पाहा. अनेक इन्व्हर्टरमध्ये 'यूपीएस' असा पर्याय असतो. तो निवडला की इन्व्हर्टर लवकर वीज देतो.

वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की प्लग काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही. राऊटरला बाहेरून तांब्याची तार येत असेल तर तीही काढा. वीज कोसळली तर ती टेलिफोनच्या किंवा केबलच्या तारेतूनही घरात येऊ शकते.

धूळ, ओल आणि सांडलेला चहा

कॉम्प्युटरच्या आत उष्णता तयार होते आणि पंखे ती बाहेर टाकतात. जाळीवर धूळ बसली की पंखा गुरगुरू लागतो, कॉम्प्युटर मंद होतो आणि उन्हाळ्यात मधूनच बंदही पडतो. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून, गॅलरीत नेऊन, मऊ ब्रश आणि हाताने दाबायच्या ब्लोअरने धूळ काढावी. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, ते भरभर फिरू देऊ नये. घरातला व्हॅक्यूम क्लिनर आत लावू नये, त्याच्या नळीत तयार होणारी स्थिर वीज नाजूक भाग बिघडवू शकते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये, खालच्या फटी बुजतात. साधा पाट किंवा लाकडी फळी पुरते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावांत, ओल हा मोठा त्रास. अनेकजण कॉम्प्युटरला प्लॅस्टिकचे कव्हर घालून महिनामहिना झाकून ठेवतात. त्यात ओल अडकून राहते. त्यापेक्षा कॉम्प्युटर दोन-तीन दिवसांतून अर्धा तास सुरू ठेवावा. त्याच्याच उबेने ओल कमी होते. धूळ बसू नये म्हणून सुती कापड टाकावे, तेही यंत्र थंड झाल्यावर.

लॅपटॉपवर चहा सांडला तर पुसत बसू नका. आधी चार्जर काढा आणि सुरू करण्याचे बटण दाबून धरून तो ताबडतोब बंद करा. मग तो उघडा ठेवूनच तंबूसारखा पालथा करा, म्हणजे चहा आत न जाता बाहेर निथळेल. हेअर ड्रायरचा गरम झोत मारू नका. तांदळात पुरून ठेवण्याचाही उपयोग नाही, उलट तांदळाचा भुसा आत जातो. 'सुरू होतोय का बघू' हा मोह सर्वांत घातक. साध्या पाण्यापेक्षा साखरेचा चहा वाईट, कारण वाळल्यावर त्याचा चिकट थर राहतो. असा लॅपटॉप सुरू न करता दुरुस्तीच्या दुकानात न्यावा आणि काय सांडले ते खरे सांगावे.

लॅपटॉपचे खालचे झाकण फुगलेले दिसले किंवा माऊसची पट्टी वर उचललेली वाटली, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजा. तो वापरणे आणि चार्ज करणे त्याच क्षणी थांबवा. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती दाबू नये, टोचू नये, कचऱ्यातही टाकू नये.

कीबोर्ड, माऊस आणि पेनड्राइव्हच्या खोड्या

काही तक्रारी बिघाडाच्या नसतातच. लॅपटॉपवर अक्षरांऐवजी आकडे उमटू लागले तर 'नमलॉक' चालू झालेले असते. कळ बराच वेळ दाबल्याशिवाय अक्षर उमटत नसेल, तर उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबली गेल्याने 'फिल्टर की' ही सोय चालू झालेली असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करता येते. पडदा आडवा किंवा दोन भागांत दिसू लागला, तर विंडोजची कळ आणि 'पी' एकत्र दाबून किंवा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो सरळ करता येतो.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर आधी सेल बदला. तरीही अडखळला तर त्याचा छोटा रिसीव्हर बाहेरच्या हार्डडिस्कच्या शेजारून काढून दुसऱ्या बाजूला लावा. यूएसबी ३ जातीच्या जागेत आणि तारांत निर्माण होणारा गोंगाट माऊसच्या लहरींमध्ये अडथळा आणतो.

पेनड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही लग्नाचा व्हिडिओ कॉपी होत नाही, 'फाइल फार मोठी आहे' असे येते. पेनड्राइव्ह 'फॅट ३२' या जुन्या पद्धतीने तयार केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आतला मजकूर दुसरीकडे काढून ठेवून तो 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करावा. पेनड्राइव्ह काढताना 'इजेक्ट' करण्याची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. पडद्यावर 'कॉपी झाले' दिसले तरी लिहिण्याचे काम कधीकधी आत चालूच असते.

प्रिंटर रुसला की

शाईचा प्रिंटर न वापरल्याने बिघडतो. मुलांच्या परीक्षा संपल्या की तो दोन महिने बंद राहतो आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच प्रकल्पाच्या वेळी पांढऱ्या रेघा मारतो. कारण बारीक छिद्रांतली शाई वाळलेली असते. आठवड्यातून एक रंगीत पान छापावे. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने न बंद करता त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. तेव्हाच शाईचे टोक जागेवर जाऊन झाकले जाते. छिद्रे साफ करण्याचा पर्याय दोनतीनदाच वापरावा, कारण प्रत्येक वेळी त्यात बरीच शाई जाते. तेवढ्याने रेघा गेल्या नाहीत तर काही तास थांबून पुन्हा पाहावे.

कागद अडकला तर प्रिंटर बंद करून, दोन्ही हातांनी, कागद ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने सावकाश ओढावा. पावसाळ्यात कागद वारंवार अडकत असेल तर दोष कागदाच्या ओलीचा असतो. कागदांचा गठ्ठा बंद पिशवीत ठेवावा आणि लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये घालावीत.

प्रिंटर चालू असूनही कॉम्प्युटर 'ऑफलाइन' म्हणत असेल, तर दोघे एकाच वायफायवर आहेत का ते पाहा. शेजारच्या किंवा मोबाइलच्या वायफायला कॉम्प्युटर चुकून जोडला गेल्याचे अनेकदा आढळते. एखादे पान अडून बसले तर त्याच्या मागची सगळीच पाने थांबतात. अशा वेळी छपाईची यादी उघडून सर्व कामे रद्द करा, प्रिंटर आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करा.

कॉम्प्युटर गोगलगाय झालाय?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. 'स्टार्टअप' या भागात कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम दिसतात. ओळखीचे आणि रोज न लागणारे प्रोग्रॅम तिथे बंद करावेत. सी ड्राइव्ह काठोकाठ भरू देऊ नये. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस ठेवू नयेत, ते एकमेकांशीच भांडत बसतात. विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर घरगुती वापराला पुरतो, फक्त तो अद्ययावत ठेवावा.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये फिरत्या तबकडीची हार्डडिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानेच पडत नाही. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी हा पर्याय जरूर विचारात घ्यावा. हार्डडिस्कमधून टिकटिक असा नवाच आवाज येऊ लागला, तर मात्र तो निरोप समजा. दुसरे कोणतेही काम न करता आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना कंपनीने जाहीर केली. कॉम्प्युटर त्यानंतर बंद पडत नाही, पण नव्याने सापडणारी भगदाडे बुजवली जात नाहीत. ज्यावर विंडोज ११ चालत नाही अशा कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार करणे टाळावे, किंवा त्यावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली टाकून घ्यावी.

आजोबांच्या जुन्या मराठी फाइली

अनेक घरांत १९९० नंतरच्या काळात टाइप केलेला मराठी मजकूर आहे. आजोबांच्या आठवणी, कुलवृत्तांत, एखाद्या मंडळाचा इतिहास. आज ती फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो. फाइल खराब झाली समजून ती पुसू नका. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फाँट कॉम्प्युटरवर नसला की खालची रोमन अक्षरे वर दिसतात. फाइलमध्ये फाँटचे नाव पाहा, तो बसवा, मजकूर दिसू लागेल. मग फाँट बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने तो युनिकोडमध्ये आणून घ्या आणि जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घाला. जुन्या सीडी आणि फ्लॉपींवरचा मजकूरही वेळीच उतरवून घ्यावा. त्या कायम टिकत नाहीत आणि त्या वाचणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत.

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे'

कॉम्प्युटरवर काम करताना पडदा लाल होतो, भोंगा वाजतो आणि एक फोन नंबर दिसतो. ताबडतोब फोन करा, नाहीतर सर्व काही नष्ट होईल, असा इशारा असतो. घरात एकटे असलेले ज्येष्ठ नागरिक अशा वेळी घाबरतात आणि फोन करतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलून दूरवरून कॉम्प्युटर हाताळण्याचा प्रोग्रॅम टाकायला लावतो आणि मग बँकेचे खाते उघडायला सांगतो.

खरा इशारा कधीही फोन नंबर देत नाही. ऑल्ट आणि एफ ४ या कळा दाबून ती खिडकी बंद करा. बंद झाली नाही तर कॉम्प्युटरच बंद करा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितकी लवकर तक्रार होईल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता अधिक. कॉम्प्युटरमध्ये खरोखरच घातक प्रोग्रॅम शिरल्याची शंका असेल, तर भारत सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर सफाईची साधने मोफत मिळतात.

तीन प्रतींचा नियम

आता मूळ मुद्द्याकडे. मजकूर सांभाळायचा कसा? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला नियम सोपा आहे. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर.

घरगुती हिशेबात पहिली प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्डडिस्कवर आणि तिसरी इंटरनेटवरच्या साठ्यात किंवा बहिणीच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. एका फोटोला ४ एमबी जागा धरली तर १ टीबीच्या डिस्कवर अडीच लाख फोटो मावतात. एवढी जागा बहुतेक कुटुंबांना पुरून उरते. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवावी. ती कायम जोडलेली राहिली, तर फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, पण जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. शिवाय फोनवरच्या गूगल फोटोजमधून फोटो पुसला की तो साठ्यातूनही जातो आणि कचरापेटीत साठ दिवसच राहतो. दोन वर्षे न वापरलेले खाते कंपनी बंद करू शकते. म्हणून इंटरनेटवरचा साठा ही एक प्रत आहे, एकमेव प्रत नव्हे. खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून, ती वही कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला सांगून ठेवावे. खाते ज्याचे, तोच उद्या नसेल तर बाकीच्यांनी फोटो कसे पाहायचे?

फाइल चुकून पुसली गेलीच तर कॉम्प्युटर वापरणे लगेच थांबवा. जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कवर, तिच्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत, पुसलेला मजकूर परत मिळण्याची आशा असते. एसएसडीवर ही आशा फारच थोडी, कारण मोकळी झालेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते.

मेकॅनिककडे देण्यापूर्वी

- शक्य असेल तर आधी सर्व महत्त्वाच्या फाइली उतरवून घ्या. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, तर आतली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्या काढता येतात. हे काम आधी करायला सांगा.
- 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' हे दुकानाच्या पावतीवर लिहून घ्या.
- रॅम किती आणि डिस्क कोणती आहे ते टिपून ठेवा. बदललेले जुने भाग परत मागा.
- दुरुस्ती डिस्कची नसेल तर ती काढून घरीच ठेवता येते. निदान बँक आणि ईमेलच्या खात्यांतून बाहेर पडून मगच कॉम्प्युटर द्या.
- कॉम्प्युटर कायमचा मोडीत काढताना डिस्क पुसून किंवा काढून घ्या आणि तो भंगारवाल्याऐवजी ई-कचरा अधिकृतपणे गोळा करणाऱ्या केंद्रात द्या.

हळदीकुंकू लावता, तेव्हाच

दसऱ्याला आपल्याकडे घरातल्या हत्यारांबरोबर आता कॉम्प्युटरलाही हळदीकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते. फक्त ते हळदीकुंकू पंख्याच्या जाळीत जाऊ देऊ नका. त्याच दिवशी, पूजेआधी कॅबिनेटची धूळ काढावी, सर्व फाइलींची नवी प्रत करावी आणि सोने वाटायला बहिणीकडे जाताना ती डिस्क तिच्या कपाटात ठेवून यावी. सहा महिन्यांनी गुढीपाडवा येतो. तेव्हा तिच्याकडची डिस्क घरी आणून पुन्हा हेच करावे. मधल्या काळात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कपाटातल्या डिस्कवर फक्त नव्या फाइली उतरवाव्यात.

त्या घरातली आजीची कहाणी अगदीच वाईट संपली नाही. मावशीच्या जुन्या फोनमध्ये पंच्याहत्तरीचे चार फोटो सापडले. एका फोटोत आजी पेढा हातात धरून हसत होती. तोच फ्रेम झाला. बाकीचे दोनशे-अडीचशे फोटो मात्र गेले ते गेलेच. त्या चार फोटोंच्या आता तीन प्रती आहेत आणि बाबांनी कॅबिनेटवर एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'मला विचारल्याशिवाय फॉरमॅट नको.' अशी चिठ्ठी आपल्याही घरी आजच चिकटवायला काय हरकत आहे?